कुंपणावरचे बूट

बोस्टन, २ फेब्रुवारी १९५९

ती. विनीताईस,
एमेटचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बाबांच्या मातीला येणं जमलं नाही. त्याच आठवड्यात माझं व्याख्यान होतं आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. तू समजून घेशील. आजवर घेत आलीस, तिथे नेब्रास्काच्या वाळूत तुला दुसरं काम तरी काय!

आता मुद्द्याचं. आमच्या विद्यापीठात पश्चिमेकडच्या सरहद्दीच्या इतिहासाची कायमची प्राध्यापकी निघालीय. मिळाली तर जन्माची ददात मिटली, नाहीतर जूनमध्ये बिऱ्हाड उचलायचं. समितीतल्या कुणीतरी खोडा घातलाय की माझ्या पुस्तकाला आधार काय. म्हणून डॉ. मिलफर्ड पेल मार्चमध्ये आपल्या रँचवर चौकशीला येतायत. तुला पुस्तक वाचायला सवड झाली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कुंपणाच्या खांबावर उलटा घातलेला प्रत्येक बूट म्हणजे त्या माळावर मेलेल्या एकेका वसाहतवाल्याची आठवण. थडगं बांधायला दगड नाही, म्हणून खांबावर बूट. बाबांनीच सांगितलंय मला हे, दरेक बुटाच्या मालकाचं नाव घेऊन. आणि शेजारच्या ऑर्विलने टोपी काढून 'खरंय' म्हटलं होतं.

तू एवढंच कर. ऑर्विलला धुतलेला शर्ट चढव आणि तेवढंच बोलायला लाव. पूर्वेच्या कुंपणावरचे बूट गळाले असतील तर कोठारातले जुने चार-दोन लावून टाक. यात खोटं काही नाही, पडलेलं उभं करायचं इतकंच. पेल पक्का शहरी आहे, त्याला गाय पुढून कुठली न् मागून कुठली कळणार नाही.

या खेपेला तुझ्या लोभावरच सगळी भिस्त असलेला,
एमेट

*

रँचवरून, २० फेब्रुवारी

चि. एमेटला,
विनीताईचे अ. आ.

पुस्तक वाचलं रे, दोनदा. गावाने तर बियाण्याच्या दुकानात मोठ्याने वाचून काढलं. तू आम्हाला 'निरक्षर साक्षीदार' म्हटलंयस ना, ते पान ऑर्विल चष्मा न लावता म्हणून दाखवतो.

बूट मी लावणार नाही. पाहुण्याला जेवू घालीन आणि बाबांच्या खोलीत झोपवीन. ऑर्विलला तुझा निरोप दिला. तो म्हणाला, बाहेरचा माणूस येतोय ना, मग प्रोफेसरांनी निवांत झोपावं, बाहेरच्याला काय सांगायचं ते इथे पाळण्यातच शिकवतात. सगळे खिदळले. शर्टाचं मात्र वचन दिलं नाही त्याने.

गायी व्यायला लागल्यात, आटोपते. तब्येत सांभाळ. पूर्वीपासून नाजूक आहेस.
विनी

*

रँचवरून, २९ मार्च

चि. एमेटला,
अ. आ.

पेलसाहेब येऊन गेले. चांगल्या बातमीची वाट बघत असशील तर आधी खाली बस.

ते आले त्या सकाळी एक पहिलारू कालवड अडली होती. वासराचे पाय उलटे. ऑर्विलच्या हातात ताकद उरली नाही, मी एकटी. साहेबांनी विचारलं नाही, कोट काढला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मी सांगेन तसं ओढत राहिले. दोनदा आपटले. वासरू जगलं. मग नखशिखांत घाणीत माखलेले आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले आणि विचारू लागले की कालवडीला दूध येईल ना.

ऑर्विलने त्यांना कॉफी ओतली आणि म्हणाला की याला कसल्या थापा मारायच्या, हा आपला झाला. मग त्याने खरं सांगितलं. बूट फाटला की खांबावर जातो, त्याला काही अर्थ नाही, अगदी काही म्हणजे काही नाही.

साहेबांनी विचारलं, मग एमेटला तसं का सांगितलंत? तेव्हा मी सांगितलं. तुलाही सांगते, कारण बाबा आता नाहीत.

इथे पाहुण्याला गंभीर चेहऱ्याने थाप मारतात. तो हसला आणि उलट त्याहून मोठी मारली, तर तो घरचा. तू शाळेला पूर्वेकडे गेलास, दर उन्हाळ्यात येऊन हातमोजे घालून ओसरीवर बसायचास. बाबा तुला थाप मारायचे. तू हसायच्या ऐवजी पेन्सिल काढायचास. म्हणून पुढल्या उन्हाळ्यात त्याहून मोठी. बाबा तुझी टर उडवत नव्हते रे, तुझ्या हसण्याची वाट बघत होते. पुस्तक आलं तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. बाबा नाही हसले. शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारायचे, पोराच्या लक्षात आलं का गं?

मी नाही म्हणायचे.

तुझी,
विनी

*

बोस्टन, ६ एप्रिल

विनी,

नमस्कार वगैरे राहू दे. पेलने मला तोंडी सांगितलंय, लेखी अहवाल मेमध्ये जाईल. तोवर वेळ आहे. तू आणि ऑर्विल दोघांच्या सहीने त्याला कळवा की तुम्ही त्याचीच फिरकी घेतली. थडग्यांची गोष्टच खरी, ती परक्याला सांगायची नसते, म्हणून 'बुटांना अर्थ नाही' अशी थाप दिलीत. तुमच्या चालीत हे सहज बसतं आणि त्याला पटेलही. माझं सेहेचाळिसावं चालू आहे. आता मी कुठे जाऊ? सख्खी बहीण आहेस, एवढं कर.

एमेट

*

रँचवरून, १९ एप्रिल

चि. एमेट,

तुझं पत्र दुकानात नेऊन वाचलं. ऑर्विलने परत वाचायला लावलं. मग टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी सांडली. म्हणाला, अरे, जमलं की गाढवाला! थापेवर थाप, तीही बापाच्या, गसच्या वरताण! म्हातारा रडेस्तोवर हसला. म्हणाला की गसचा पोरगा शेवटी हसला म्हणायचा, लिही त्याला, नोकरी मरू दे, घरी ये म्हणावं. बाकीच्यांनी तुझ्या नावाने कप उचलले. इतकी वर्षं तुझ्यासाठी कुणी उचलला नव्हता.

माझ्या मनात आलं, राहू दे असंच. पण बाबांना जे मरेपर्यंत मिळालं नाही ते ऑर्विलला असं फुकटात कसं मिळू देऊ?

मी त्यांना सांगितलं की तू ते गमतीने लिहिलेलं नाहीस.

सगळ्यांनी कप खाली ठेवले. ऑर्विल पावसाबद्दल बोलायला लागला.

पेलसाहेबांना पत्र घातलेलं नाही, घालणार नाही. परवा त्यांचं आलं, कालवडीची चौकशी होती. पुढच्या मार्चमध्ये येतो म्हणतायत. तुला यायचं असेल तर आधी कळव, बाबांच्या खोलीत ते असतील.

विनी