ज्वारीच्या भावानं रोख पैसा

वालूर, जि. परभणी
१९ एप्रिल १९९२

चि. विशाखास सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेत परीक्षा सुरू होत्या. आम्ही सगळे बरे आहोत. उन्हाळा कडक आहे. टँकर एक दिवसाआड येतो आणि सरपंच पाण्यासाठी घरटी चिठ्ठ्या वाटतात. जयंती छान झाली. नामांतराचं घोंगडं अजून भिजतच पडलंय, पण मिरवणूक या वर्षी थेट वेशीतून गेली, आणि पोरांना पाणी द्यायला वरच्या आळीतली दोन घरं पुढं आली.

दुसऱ्या पत्रात तू एवढंच विचारलंस, की तुझं आधीचं पत्र ऐकून आई काय म्हणाली. ते सांगतोच. आधी त्या पत्राचं इकडं काय झालं ते ऐक.

ते मी विहारात सगळ्या मजूर बायांसमोर वाचलं. त्यांचाच हट्ट होता. गेल्या पाडव्याला दहा रुपये रोज ठरला, तेव्हा त्यात चार किलो ज्वारी यायची. आता अडीच येते. असं का होतं, हे रिझर्व्ह बँकेत साहेब झालेल्या आपल्या पोरीला विचारा, म्हणून त्यांनी मला लिहायला लावलं होतं. तू सविस्तर कळवलंस: आखातातल्या लढाईमुळं तेल महागलं, रुपयाची किंमत उतरवली, पाऊस कमी पडला. त्यातच सरकारचा खर्च जमेपेक्षा जास्त होतो, तेव्हा रिझर्व्ह बँक त्याला पैसा पुरवते; पैसा वाढतो, माल तेवढाच राहतो, म्हणून भाव चढतात. मी दोनदा वाचलं, तरी बाया नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. तेव्हा आई म्हणाली, "अगं, टँकर एकच आला अन् सरपंचानं चिठ्ठ्या दुप्पट वाटल्या, तर पाणी वाढंल का?"

"भांडणं वाढतील," दगडाबाई म्हणाली. आईच्या शेजारी खुरपायला बसणारी, तुला आठवत असेल, तोंडाची फटकळ.

"हां. तेच झालंय बघ."

पुढचं सोपं गेलं. आता बँकेनं व्याज वाढवलंय, कर्जं आवळलीत, म्हणजे चिठ्ठ्या कमी केल्यात. भाव थोपायला वेळ लागेल, आणि पाऊस पाडणं काही बँकेच्या हातात नाही, असं तू लिहिलं होतंस. "पोरगी खरं बोलती बाई," दगडाबाई म्हणाली, "दुसरा साहेब असता तर त्यानं पाऊस बी पाडला असता." विहार हसला. आई हसली नाही. पण ती कशी ताठ बसली होती, ते तू बघायला हवं होतंस.

मग तुझा सल्ला आला. महागाईत रोख पैसा झिजतो, तेव्हा नव्या पाडव्यापासून मजुरी ज्वारीतच मागा. बायांनी माना डोलावल्या. आई उठली आणि बाहेर निघून गेली.

विशाखा, परीक्षा तर आठवड्यातच संपल्या होत्या. हे लिहायचं मी टाळत होतो.

घरी आल्यावर आई एकच वाक्य बोलली. "शिकवून साहेब केली, अन् तिनं मला पुन्हा खळ्यावर पाठवलं." त्यानंतर तुझा विषय निघाला की ती चुलीपाशी काहीतरी शोधायला जायची.

तुझा जन्म धम्मदीक्षेनंतरचा. तू ते खळं पाहिलेलं नाहीस. त्याआधी सुगीला आई बलुतं आणायला जायची. मालक खळ्यावर उभा राहायचा, आई खाली पदर पसरायची, आणि तो वरून सूप ओतायचा. पदरात पडलं ते मिळालं, भुईवर सांडलं ते मातीसकट वेचायचं. छप्पन्न साली आपल्या घरांनी ते सोडलं. त्या वर्षी आपल्या घरात चूल रोज पेटली नाही, पण आई खळ्याकडं फिरकली नाही. तेव्हापासून ती जिथं राबली तिथं तिनं पैसाच घेतला. हे तुला कुणी बसवून सांगितलं नाही, यात तुझा काय दोष? मी तर सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी तुझं पत्र वाचताना माझ्याही ध्यानात आलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाया दिनकररावांकडं निघाल्या. गावात सगळ्यात मोठी शेती त्यांची, त्यांनी दिला तो रोज बाकीचे देतात. आई सगळ्यांच्या पुढं चालू लागली. मीही गेलो. दिनकरराव खळ्यावरच होते, ज्वारीची रास पडली होती.

"या केशरबाई," ते म्हणाले, "तुमची लेक तिकडं नोटा छापायलीय, म्हणून तर ही महागाई!"

"मालक," दगडाबाई म्हणाली, "मशीन हिच्या लेकीच्या हातात असतं, तर आमी ह्या उन्हात तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

दिनकरराव हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला बँक कर्ज देईना, म्हणून तो ज्वारीचे पैसे पंधरा पंधरा दिवसांनी देतो. "रोख माझ्याजवळ न्हाई. ही रास हाय. रोजाला चार किलो मोजून घ्या, आत्ता घ्या. तुमचाच फायदा हाय."

म्हणजे तू लिहिलं होतंस तेच, तोच हिशेब, मालकाच्या तोंडून. बायांनी आईकडं पाहिलं. निम्म्यांच्या घरी पीठ नव्हतं. मलाही वाटलं, आता ही काय बोलणार?

आई राशीपासून लांबच उभी होती. म्हणाली, "भाव ज्वारीचा, पर हातात पैसाच. पंधरा दिवसांनी व्यापारी तुमाला देईल, तवा तुमी आमाला द्या. त्या दिवशी मोंढ्यात जो भाव असंल, त्यानं रोजाला चार किलोचे."

"अन् पंधरा दिवस खाताल काय?"

"ते आमी बघू."

"अन् उद्या भाव पडला तर?"

"तर कमी देताल. माझ्या लेकीच्या बँकेनं काम केलं म्हणू."

दिनकररावांनी मान वर करून आभाळाकडं पाहिलं. सरकारी नोकरांना महागाई भत्ता असतो, मी मास्तर असून दर वेळी आनंदानं घेतो. खळ्यावर कुणी मजुरानं तो मागितलेला मी पाहिला नव्हता. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं, रास उघडी होती, मजूर हवे होते. शेवटी ते म्हणाले, "बरं. लावा उद्यापासून बाया."

ते पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. आपल्या घरातलं पीठ आईनं चार घरांत वाटलं. तुझ्या वहिनीनं ते स्वतः मोजून दिलं. काल पैसे मिळाले. जयंतीनंतर भाव आणखी थोडा चढला होता, तोही धरून मिळाले. आईनं ते उभ्यानं घेतले, मोजले आणि पदराला बांधले.

संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "इशाखाला लिही. पैसा कसा झिजतो ते तिनं सांगितलं नसतं, तर मालकाला काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. ज्वारीचं तिला ठाऊक नव्हतं, ते आता सांग." मग म्हणाली, "अन् विचार, तिच्या हपिसात झाडायला बाया येत असतील. त्या रोजानं हायेत का पगारानं? त्यांना भत्ता मिळतो का? तिनं जाऊन विचारलंय का कधी?"

मी हे लिहायला बसलो, तर ती दारातच थांबलीय, शब्द न् शब्द वाचून दाखव म्हणते.

तेव्हा विशाखा, याचं उत्तर मला नको. आजवर तू पत्रावर माझं नाव घालत आलीस. या वेळी तिचं घाल, केशरबाई, पूर्ण नाव. मी फक्त वाचून दाखवीन.

तुझा दादा,
सिताराम