बाबांची भुवई

प्रिय पौर्णिमा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबाच नाहीत, तर माझ्या अंकुरच्या नवसाचे रोडगे कोण भाजणार? आचाऱ्यालाच सांगून टाकते." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भाजी जळतेय म्हणून फोन ठेवला. भाजी नव्हती जळत, जीव जळत होता. बाबांच्या जागी भाड्याचा माणूस!

अगं, तिवश्यापासून अचलपूरपर्यंत कुणाचा नवस फिटो, कुणाच्या विहिरीला पाणी लागो, शेतात गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या जाड रोडग्यांना वामनराव पाहिजेतच. आपलं शेत सोडून हा माणूस लोकांच्या शेतात गोवऱ्या रचत बसायचा आणि इकडे आई भांडी आपटायची. विस्तवाजवळ कुणी फिरकायची सोय नव्हती. एकदा कुठलेसे सभापती हौसेने काडी घेऊन निखाऱ्यांचा आर उकरायला गेले, तर बाबा म्हणाले, "साहेब, तुमी भाषण करा, मले भाजू द्या." सभापती हसले आणि पंगतीत दोन रोडगे जास्त खाऊन गेले.

तुझ्या लग्नातली भुवई आठवते ना? हळदीच्या दिवशीसुद्धा ते कुणाचे तरी रोडगे भाजायला गेले, फुंकर घालायला वाकले आणि डावी भुवई साफ उडाली. आईने आधी तोंड सोडलं, मग काजळाने भुवई काढून दिली. तुझ्या अकोल्याच्या सासरच्यांना पत्ताही लागला नाही. पण पाठवणीला बाबा रडले, शेल्याने डोळे पुसले आणि अख्खी भुवई गालावर आली. तू रडता रडता फिसकन हसलीस. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर सोडायचा आनंदच झालाय.

आता काल काय झालं ते ऐक. तिवश्याला गोपालकाकांच्या शेतात रोडगे होते. बाबांना त्यांनी गेल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. मी गेले आणि पदर खोचून सरळ गोवऱ्यांपाशी बसले. काका म्हणाले, "पोरी, तू काहून इथं बसून राहिली? हे मानसाचं काम आहे. वांगे चिर जा." मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं बाबाच्या हाताशी गोवऱ्या कोन देत होतं?" काका तिथून हलले मात्र नाहीत. हात मागे बांधून तिथेच उभे.

खरं सांगते, भीती होतीच. सारं गाव जेवायला येणार, आणि बिघडलं तर नाव बाबांचं जाणार. गोवऱ्यांचा धूर सरला, आर लाल झाला. रोडगे मांडले, वरून राख ओढली आणि बाबांसारखी नुसती वास घेत बसले. ओव्याचा वास सुटला तसे ते फिरवले. शेवटी पोत्यात घोळून राख झटकली, पहिला रोडगा फोडला, आतून पांढरी वाफ आली. मला रडूच कोसळलं.

कडेचे तीन-चार मात्र कोळसा झाले होते. ते मी गुपचूप माझ्याच ताटात घेतले. बाबा हेच करायचे, म्हणून तर वामनरावांचा रोडगा जळत नाही अशी त्यांची ख्याती! गोपालकाकांनी ते बरोबर पाहिलं. तुपाची वाटी आणून माझ्या ताटात उपडी केली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वामनरावाची पोरगी व्हय हे! आता रोडग्याले हिलेच बलावा." पौर्णिमा, आपल्या बाबांचा इतका अभिमान मला उभ्या जन्मात वाटला नव्हता. आणि थोडा माझाही वाटला, लपवत नाही.

तर म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. आचाऱ्याला नको म्हणून कळव. अंकुरच्या नवसाचे रोडगे मी भाजणार, गोवऱ्याही इथूनच आणणार. तू फक्त काजळाची डबी काढून ठेव. माझी डावी भुवई काल गेली.

तुझीच,
धुराने लाल डोळ्यांची
शकुनताई