पथ्य सुटल्यावर

३ जानेवारी १९७४
आज ह्यांनी कुर्डुवाडीच्या फलाटाची आठवण काढली. लग्नानंतर पहिल्यांदा सोलापूरला येताना तिथं गाडी चुकली होती. ट्रंकेवर बसून कडक भाकरी नि शेंगांची चटणी. मी चमचा मागितला. "कॉन्व्हेंटची मड्डम!" किती हसले होते.
मग म्हणतात, "समज, उद्या मला फाशी आहे. काय जेवायला घालशील?"
"अळणी भात आणि दुधी."
"तुझ्यापेक्षा जेलर बरा गं!"
किडनीपायी तीन वर्षं मिठाची बरणी कुलपात. रोजचं भांडण. त्यात दिवस बरा जातो.

५ जाने.
डॉ. आले होते. जिन्यात हळूच म्हणाले, "बाई, आता पथ्य नको. मागतील ते द्या."
पुढचं विचारलं नाही. विचारायचं काय...
ह्यांना सांगितलं, तब्येत सुधारतेय म्हणून पथ्य ढिलं केलंय. खोटं बोललं की शाळेत सिस्टर गुडघ्यांवर बसवायच्या. आज कुणी बसवलं असतं तर बरं झालं असतं.

६ जाने.
शेजारच्या नरसम्माच्या उखळात शेंगांची चटणी कुटली. लसूण, तिखट, मीठ, सगळं. वर तेल.
ह्यांनी बोटानं चाखली. डोळे मिटले. मग माझ्याकडे बघत राहिले.
"मीठ घातलंस?"
"घातलं की."
"असं." ताट सरकवलं. भूक नाही म्हणाले.
तोंडानं जे लपवलं ते माझ्याच हातांनी सांगून टाकलं.

८ जाने.
अळणीच मागतात. वर मलाच दटावतात, पथ्य मोडायचं नाही!
नरसम्मा खिडकीतून: "काय वो साहेब, आता बाई देतेत तर तुमी नको म्हणताव?"
"मला लवकर बरं व्हायचंय. तुमच्या बाईंना त्याचं काही आहे का?"
ती हसत हातमागावर गेली. मी ओट्याशी उभी राहिले, उगीच.
दुधी सगळा संपवला.

११ जाने.
पाय फार सुजलेत. न राहवून मीच विचारलं, "ते फाशीचं. खरंच काय खाल?"
"हुरडा. नाही, पिठलं. थांब, घाई कसली?"
हुरड्याची कणसं आणून ठेवली होती. वाळली.

१४ जाने. संक्रांत
गड्ड्याच्या जत्रेला लोक चाललेत. पोरींच्या अंगावर नवी लुगडी.
दुपारी आपणहून म्हणाले, "आज वरणात मीठ घाल."
किती घालायचं तेच आठवेना. चिमूट घेतली, परत ठेवली, परत घेतली.
वरणभात. बाकी काही नको. चार घास खाल्ले. "छान झालंय," म्हणाले. त्यांना भरवताना वर बघितलं नाही मी.
तोंड पुसून म्हणाले, "आता लिही. तुझं अक्षर चांगलं."

घड्याळ वसंतभावजींना. किल्ली रोज द्यायची, विसरायचं नाही.
लोकरी कोट नरसम्माच्या नवऱ्याला. धुऊन, बटण लावून.
सायकल पोस्टमनला. त्याची चेन सारखी उतरते.
इंग्रजी पुस्तकं माझ्या कॉन्व्हेंट शाळेला. सिस्टरना सांगायचं, समासात पेन्सिलीनं लिहिलंय ते खोडू नका.

माझं नाव लिहायला सांगितलं. लिहिलं. "पुढची जागा मोकळी सोड," म्हणाले, आणि कुशीवर वळले.

सौ. कमल —