पटावर सहा, ओट्यावर एकोणीस

३ नोव्हेंबर, सोम.

संस्थेचं पत्र. माणातल्या आपल्या समुदाय महाविद्यालयातला 'आरोग्य व वेलनेस प्रमाणपत्र' हा वर्षाचा कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा, हे बघायला तिघांची समिती नेमलीय. अध्यक्ष शेवाळे सर (निवृत्त प्राचार्य), कार्यालयातले कुंभार, आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. एकतीस वर्षं मिरजेच्या हॉस्पिटलात सिस्टर, त्यातली बारा नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात, एवढंच माझं तज्ज्ञपण.

पत्राच्या दुसऱ्याच ओळीत "अत्यल्प पटसंख्या लक्षात घेता". म्हणजे ठरलेलंच आहे, मग बघायला कशाला पाठवता? ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "पलटणीत असंच. हुकूम आधी, चौकशी मागनं." सुभेदार होऊन बावीस वर्षं झाली रिटायर, अजून प्रत्येक गोष्टीला पलटणच.

म्हणाले, "नको तर नको जाऊ. पण माहेर माण आहे, तू जाणार." जाणार.

७ नोव्हें., शुक्र.

संस्थेच्या गाडीने गेलो. विट्याच्या पुढे शे. सरांनी तीनदा सांगितलं, बारापर्यंत उरकायचं. का, तर दहिवडीत त्यांच्या साडूकडे मटण. एका कोर्सचा निकाल आणि मटण, दोन्ही एकाच दिवशी.

वर्ग म्हणजे एक लांब खोली. पट ६, हजर ४. कोर्स चालायला वीस लागतात. शिकवणारी लता माने, कंत्राटी, पूर्वी उपकेंद्रात नर्स होती. शे. सरांनी पुढच्या बाईला विचारलं, "वेलनेस म्हणजे काय, सांगा बरं." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मी तरी काय सांगितलं असतं? तिथल्या बायका ह्याला 'बीपीचा वर्ग' म्हणतात. तसं विचारलं असतं तर धडाधडा सांगितलं असतं. कुंभारांनी रिकाम्या बाकांचे फोटो काढले, चारही कोपऱ्यांतून.

कपाटात पंचवीस वह्या दिसल्या. लताला विचारलं. "जुन्या बॅचच्या," म्हणाली, पण बघत होती वहीकडे. ताप न मोजता तक्ता भरणारी पोरगी अशीच बघते. आयुष्यभर हेच पकडत आले मी.

बाथरूमला कुलूप. म्हणून इमारतीच्या मागे गेले तर बालवाडीच्या ओट्यावर बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर वह्या. एक जण दुसरीचं बीपी घेत होती. पट्टा बरोबर कोपराच्या वर, हात उशीवर टेकवलेला. मी मोजल्या. एकोणीस.

"तुम्ही कोण गं?"

"आमी बीपीच्या वर्गातल्या."

"मग इथे का?"

"म्याडम म्हणाल्या, सायब लोक जाईस्तवर हितंच बसा."

तळपायाची आग मस्तकात गेली. लताला खोलीबाहेर बोलावलं. ती कुजबुजत म्हणाली, पटावर नाव नसलेल्यांना वर्गात बसवलं म्हणून मागे मेमो मिळालाय, साहेबांना सांगू नका सिस्टर. मी म्हटलं, सांगणार. सांगितलं. शे. सर चष्मा पुसत म्हणाले, "अनधिकृत विद्यार्थी मोजता येत नाहीत, बाई."

ओट्याकडे जाऊन बघितलंसुद्धा नाही. वीस पावलं नव्हती.

साडूकडे दाढ दुखते म्हणून सांगितलं, नुसतं पाणी प्यायले.

८ नोव्हें.

रागाने माझंच बीपी बघितलं. १६०. पुन्हा नाही बघितलं.

११ नोव्हें., मंगळ.

एकटी गेले. सांगली ते दहिवडी एस.टी., पुढे वडाप. जीपमध्ये अकरा माणसं आणि एक करडू. करडाने माझा पदर खाल्ला. बऱ्याच दिवसांनी हसले.

आज सगळ्या वर्गात होत्या. वर्ग दोन ते चार, कारण सकाळी ज्वारीची खुरपणी आणि संध्याकाळी धारा. ही वेळ लताने ठरवली. कार्यालयाच्या कागदावर अजून अकराचीच वेळ आहे, म्हणून समिती आली त्या दिवशी सगळ्या खुरपणी सोडून सकाळीच आलेल्या.

विचारलं, नाव का घातलं नाही? त्या दिवशी ओट्यावर बीपी घेणारी बोलली. वैष्णवी, पस्तिशीची असेल, घरी मेंढरं, नवरा मुंबईला माथाडीत. "आवं सिस्टर, धावीच्या दाखल्यावर मी संगीता हाय. लग्नात सासऱ्यानं वैष्णवी केलं. आधारावर वैष्णवी. कंप्युटर म्हंतो ह्या दोगी हायती."

एकोणीसपैकी सतरा जणींचं हेच. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि दाखल्यावरची पोरगी तिथेच संपली. राजपत्रात नाव बदलून आणा म्हणतात. त्याला लग्नाची नोंद लागते. नोंद कोणी केली होती तेव्हा? एक म्हणाली, "लगनाची पत्रिका आणा म्हंत्यात. सोळा वर्सं झाली, पत्रिका काय जपून ठिवत्यात व्हय?" राहिलेल्या दोघींचे दाखले सासूच्या ट्रंकेत, आणि सासू देत नाही.

मग वह्या बघितल्या. प्रत्येकीकडे आठ-दहा घरं वाटून दिलीत. म्हातारी माणसं, मुलं मुंबईला नाहीतर फौजेत. वैष्णवीच्या वहीतलं एक: "तात्या व काकू एकाच पाकिटातली गोळी खात होते. तात्याला शुगर, काकूला नाही. बंद केलं." दुसरं: "आक्का एकादशीला बीपीची गोळी खात नाही. सांगितलं गोळी उपासाला चालते. ऐकत नाही. परत जाणे." पुढच्या एकादशीला पुन्हा, "परत जाणे." चार वेळा. पाचव्या वेळी "घेतली."

मिरजेच्या वॉर्डात असल्या आक्का अर्धं अंग लुळं पडल्यावर आमच्याकडे यायच्या.

वैष्णवीची नणंद मिरजेत एका दवाखान्यात आहे. तिथे मदतनीस घेणार आहेत, पण कागद पाहिजे. "काम येतंय मला," म्हणाली. "कागुद न्हाई."

येताना वडापमध्ये बसून शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण माणदेशी. कुठल्या शहाण्याने घातली असेल ही अट? सांगलीत पंख्याखाली बसून उंटावरनं शेळ्या हाकणारा कोणीतरी.

१३ नोव्हें., गुरु.

तो शहाणा शोधायला निघाले. कुंभारांना फोन करून कोर्स सुरू झाला तेव्हाची कागदपत्रं मागितली. म्हणाले, "तुमच्याकडेच असतील की. तुम्ही होता ना अभ्यासक्रम उपसमितीत."

होते. तीन वर्षांपूर्वी, दोन बैठका. कपाटातून फाईल काढली. पान चार, मुद्दा सात:

"दहावीचा दाखला व आधार यांवरील नाव तंतोतंत जुळणे बंधनकारक. सूचक:"

आणि पुढे माझं नाव. खाली माझी सही. इतकी ठसठशीत की

१४ नोव्हें.

काही नाही.

१५ नोव्हें., शनि.

आता आठवलं सगळं. त्या वर्षी मिरजेत एक मुलगी दुसरीच्या सर्टिफिकेटवर लागलेली मी पकडली होती. चुकीचं सलाईन लावत होती. तो राग डोक्यात होता. बैठकीत टेबलावर हात आपटून म्हटलं, नावात एका अक्षराचा फरक चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टर कडक आहेत म्हणून कौतुक. मला बरं वाटलं होतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं पण होतं, आज बघा कसं झापलं सगळ्यांना.

आणि मी कोण? घरात मीनाक्षी, नर्सिंगच्या नोंदणीत हौसा. माझी नोंदणी लग्नाआधी झाली म्हणून मला कधी कोणी अडवलं नाही. स्वतःला दोन नावं असून एवढी अक्कल चालली नाही. शे. सरांना काय म्हणून नावं ठेवायची? ते ओट्यापर्यंत चालत गेले नाहीत, मी तर त्या बायकांना ओट्यावर बसवलं.

ह्यांना सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." मी म्हटलं, पलटणीत काय करतात अशा वेळी? "पलटणीत दुसऱ्याचं नाव सांगतात," म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

१७ नोव्हें., सोम.

शे. सर घरी आले, अहवालाचा मसुदा घेऊन. अडीच पानं. "स्थानिक महिलांमध्ये अभ्यासक्रमाविषयी अनास्था आढळली." अनास्था! दुपारच्या उन्हात डोक्यावरची पाटी उतरवून वर्गाला येतात त्या, ती अनास्था. मी नावांचं सगळं सांगितलं. म्हटलं, अट काढा, दुसऱ्या दिवशी पट तेवीस होतो.

त्यांनी बॅगेतून पान चारची झेरॉक्स काढली. घेऊनच आले होते.

"बाई, हे अहवालात आणायचं तर सूचकाचं नाव पण येणार. संस्थेत तुमचा मान आहे. कशाला? सही करा, विषय संपवू. तुमचं नाव कुठेच येणार नाही."

किती मऊ आवाजात बोलले. मला ओरडता पण आलं नाही. पोह्यांची बशी संपवून, "पोहे छान" म्हणून गेले. मसुदा टेबलावर. सही दोघांची झालेली.

दिवसभर त्या कागदाभोवती फिरतेय. खरं लिहायचं तर, संध्याकाळी एकदा पेन उघडलं होतं. एकतीस वर्षं कडक सिस्टर म्हणून काढली, ती एवढ्याने जातात असं वाटलं. भीती वाटली. बायकांची नाही, कुंभारांच्या टेबलावर हसतील त्याची. लाज वाटते हे लिहायला, म्हणून लिहितेय.

१९ नोव्हें.

सही केली नाही. लताला फोन, शुक्रवारी येते.

लता: "सिस्टर, मला काही होणार नाही ना?" तिची पण नोकरी त्यातच. मी म्हटलं, माहीत नाही. खोटं कशाला बोलू?

२१ नोव्हें., शुक्र.

उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर जमलं नसतं. ही अट सरकारची नाही, कंप्युटरची नाही, शेवाळे सरांची नाही. माझी आहे. मी घातली, रागात घातली, तुमचा विचार न करता घातली.

कोपऱ्यात एकीचं पोर पेन्सिल चावत होतं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हातारीशी बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, माणूस हाय, चुकतंय." ते काही मला गोड लागलं नाही. एवढं लगेच सोडू नये माणसाने कोणाला.

वैष्णवी मात्र सोडणारी नाही. वही बंद करून म्हणाली,

"घातली तवा आमच्यातल्या कुणाला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मग काढताना तरी इचारा."

बरं, म्हटलं. विचारते. काय असावं सांगा. आणि खडू तिच्या हातात दिला.

पुढचा दीड तास भांडण. नीट भांडण, जसं व्हावं तसं. एक म्हणाली दाखलाच नको. वैष्णवी म्हणाली, "दाखला ऱ्हाऊ दे. मी फुकट धावी केली न्हाई." मी मधे म्हटलं, पण दुसरीच्या दाखल्यावर कोणी बसली तर? सगळ्या हसल्या. "आवं सिस्टर, गावात दुसरीचं नाव घिऊन कोण बसंल? चुलीपतूर वळकत्यात माणसं." शेवटी फळ्यावर आलं ते असं: माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही पटावर लिहायची, माहेरच्या आणि सासरच्या एकेका माणसाने सही करायची, की ही तीच. दोन ओळी. आमच्या उपसमितीला दोन बैठकांत सुचलं नाही.

सासूच्या ट्रंकेतल्या दाखल्यांचं काय, ते कोणालाच सुटलं नाही. वर्गातली एक त्या सासूची भाची निघाली, ती बघते म्हणाली.

मी उतरून घेतलं. वाचून दाखवलं. वैष्णवीने एक शब्द बदलायला लावला. मी 'परवानगी' लिहिलं होतं, तिने 'नोंद' करायला लावलं.

२३ नोव्हें., रवि.

उद्या अकराला सांगलीत संस्थेची बैठक. माझं वेगळं मत लिहून झालं, एक पान. पहिलं वाक्य: "मुद्दा सातची सूचक मी आहे आणि तो मुद्दा चुकीचा आहे." हे वाक्य लिहायला पूर्ण सकाळ गेली, बाकी पान अर्ध्या तासात. खाली फळ्यावरच्या दोन ओळी, त्यांच्याच शब्दांत.

शे. सरांचा दुपारी फोन. "तुमचं पत्र विषयपत्रिकेवर नाही. अहवाल दोन सह्यांनी पण जातो, बाई." जात असेल. मी म्हटलं, वाचून दाखवेन. "संस्थेचे अध्यक्ष परवानगी देतील असं वाटत नाही." अध्यक्षांना कोण सांगणार ते कळलं.

नावं नोंदवायचं पोर्टल तीस तारखेला बंद होतं. उद्या अट गेली तर सहा दिवस. गेली नाही तर वर्गच नाही, आणि मिरजेचा दवाखाना काही वैष्णवीसाठी जागा धरून बसणार नाही.

संध्याकाळी तिचाच फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"सिस्टर, त्यांनी तुमाला गप बसा म्हटलं तर?"

मी म्हटलं, नाही बसणार.

"अट घातली तवा बी न्हाई बसला तुमी," म्हणाली, आणि ठेवला फोन.