तो नवरा का वळला

रविवार, २ नोव्हेंबर

ओवद्या उठून गेला! मधेच. चहा अर्धा टाकून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आमच्या यहुदी धर्मग्रंथातल्या राजांच्या कथांमधला तो नवरा आज वाचायला घेतला होता. राजा आपली पहिली बायको परत मागवतो. मधल्या काळात जो तिचा नवरा झालेला असतो, तो रडत रडत तिच्यामागं चालत जातो. वाटेत एका गावाशी सेनापती म्हणतो, परत जा. आणि तो परत जातो. संपलं! कथा सांगणारा त्याच्या तोंडी एक शब्द घालत नाही. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रसंगाचं विवरण आम्हाला लिहायचंय.

विरोधाची पाळी माझी होती. आमच्यात जोडीनंच वाचायचं – एकानं बाजू मांडायची, दुसऱ्यानं ती फोडून काढायची. नुसती मान डोलावणं म्हणजे जोडीदाराला कमी लेखणं. ओवद्या म्हणाला, "बिचारा करणार काय? समोर सेनापती!" मी तुटून पडलो. "तलवार उपसल्याचं कुठं लिहिलंय? धमकी दिल्याचं? एका शब्दावर वळला! रडणं सोपं असतं, ओवद्या. प्रेम असतं तर मार खाल्ला असता, दारात बसून राहिला असता!"

छान जमलं होतं. स्वतःवर खूश होतो. खरं तर मला त्या माणसाची दयाच येते. पण पाळी म्हणजे पाळी.

ओवद्यानं ग्रंथ मिटला, त्यावर ओठ टेकले आणि निघून गेला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज ओवद्या वाचायला आला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अभ्यासघरात गेलो. चहूकडे जोड्या, नुसता कलकलाट. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी. मोठ्यानं वाचून पाहिलं. ग्रंथालयातली गेऊला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन थांबली. "काय हो पिन्हास, आज स्वतःशीच भांडताय? कोण जिंकतंय?"

"दोघंही हरतोय," म्हटलं. ती हसली. मला नाही हसू आलं.

फोन केला. उचलत नाही. रागावलाय म्हातारा! पण कशावर? याहून कितीतरी वाईट बोललोय आम्ही एकमेकांना. त्यानं एकदा माझ्या अख्ख्या प्रकरणाला पाणचट सूप म्हटलं होतं, आणि त्याच दुपारी आम्ही एका ताटातून हुम्मस पुसून खाल्लं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आकाशात तारे दिसले, शब्बाथ – काही न लिहिण्याचा विसाव्याचा दिवस – संपला. आता लेखणी धरता येते.

काल द्राक्षारसावरचा आशीर्वाद एकट्यानं म्हटला. आमेन म्हणायला कोणी नाही. लग्न केलं नाही याचं कधी फारसं वाईट वाटलं नाही, कारण रविवार आला की ओवद्या असायचाच. अख्ख्या यरुशलेमात माझ्याशी बोलणारा तो एकच माणूस आहे. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. तो परत आला नाही तर विवरण राहू दे बाजूला – मीच कसा राहणार?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हेमदा गेली. ओवद्याची बायको. सकाळी गेऊलाकडून कळलं, दुपारी दफनही झालं. डोंगरावर वारा भणाणत होता. ओवद्याच्या सदऱ्याची सुतकाच्या रिवाजानं फाडलेली गळपट्टी फडफडत होती. मी मागंच उभा राहिलो.

तिला विसरायला होतं, एवढंच मला ठाऊक होतं. 'बहिणीकडे गेलीय, हैफाला,' असं तो मागच्या खेपेला म्हणाला होता. इतकी वर्षं आम्ही राजांच्या बायकांचा काथ्याकूट केला. त्याच्या बायकोबद्दल मी कधी धड विचारलंही नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सुतकाच्या घरी गेलो. आरशांवर चादरी. तो बुटक्या स्टुलावर. दुःखी माणूस बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. बसून राहिलो. शेजारीण आली तर तिच्याशी बोलला – हेमदाच्या हातच्या पावाबद्दल. माझ्याकडे बघितलंही नाही.

उठून आलो.

रविवार, १६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. ही चाल कुणी काढली? दुःखी माणसाला त्रास नको म्हणून काढली म्हणे. आज माझाच जीव घुसमटला! 'ओवद्या, माझं काय चुकलं?' – एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. त्याची लेक अयेलेत शेजाऱ्यांनी आणलेली मसूर गरम करत होती.

"काका, आई शुश्रूषागृहात होती. बाबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही गं. कधी नेलं?"

"ऑक्टोबर संपता संपता. गाडीमागं बाबा टॅक्सी करून गेले. फाटकाशी नर्स म्हणाली, आजोबा, तुम्ही घरी जा. तुम्ही दिसलात की त्या जास्तच कावऱ्याबावऱ्या होतात. बाबा काही बोललेच नाहीत. वळले. सबंध वाट रडत आले."

पेला ओट्यावर ठेवला. आणि त्यानंतरच्याच रविवारी मी – 'एका शब्दावर वळला!' कसा क्षमा करेल तो मला? मी नसती केली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेलो नाही. धीरच झाला नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज सुतक फिटलं. रिवाजाप्रमाणं त्याला उठवून बाहेर एक फेरी मारायला नेलं. मी सगळ्यांच्या मागं होतो. कोपऱ्यावर तो माझ्यासाठी थांबला.

"रागावलो नव्हतो रे, पिन्हास. तुझं म्हणणं पटलं, म्हणून तोंड दाखवलं नाही. आपल्या त्या वादाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज फाटकाशी जाऊन बसायचो. पण पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं."

"अरे, माझी पाळी होती! मला त्यातलं काही म्हणजे काही पटत नव्हतं!"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू मलाच समजावायला आला होता.

"आता कशाला सावरून घेतोस? इतकी वर्षं भांडतोय आपण. तू मनापासून बोलतोस तेव्हा कळतं मला."