मामाचं ते सगळं माझं

॥ येशू मरिया योसेफ ॥
माउफांगा, ४ जून १९३४

ती. विसेसिओमामास,
अतेलाइतेचा सा. न. वि. वि.

रीतीने पाहिलं तर भाची वर आणि मामा खाली, तेव्हा नमस्कार तू करायला हवास. पण मठात मदर आम्हाला नम्रता शिकवतात, म्हणून या खेपेला मीच वाकते. सवय लावून घेऊ नकोस.

इथे एक गंमत झाली. पंधरा ऑगस्टला आमची जोगीण होण्याची शपथ. त्याआधी प्रत्येकीने आपल्या मालकीचं काय आहे ते सांगून त्यावर पाणी सोडायचं. मी सांगितलं, एक कंगवा, दोन झगे आणि मामाचं सगळं. मदर नुकत्याच फ्रान्सहून आलेल्या. त्यांना वाटलं, मी चोरीची कबुली देतेय! फादरना बोलावणं गेलं. ते टोंगात मुरलेले, पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं की इथे भाचीने मामाच्या घरात शिरून हवं ते उचलावं आणि मामाने नाही म्हणू नये. त्यावर मदर म्हणाल्या, मग हिचीच इस्टेट सगळ्यांत मोठी, तीही सोडावी लागेल.

तेव्हा मामा, पंधरा ऑगस्टपर्यंत डुकरं सांभाळ. पुढे तू मोकळा.

लोभ असेलच, कमी पडला तर येऊन उचलून नेईन.
तुझी,
अतेलाइते


॥ येशू मरिया योसेफ ॥
हापाई, २६ जून १९३४

चि. अतेलाइते हिस विसेसिओमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र डुकरांना वाचून दाखवलं. फार आनंदली. माझी नवी होडी माझी माझी म्हणत नेलीस आणि खडकावर घातलीस, तेव्हा मला वर हसत उभं राहावं लागलं होतं. सुटलो एकदाचा!

पण पोरी, खरं सांगू? हसून झालं आणि जीव हलला. मी मेलो की माझ्या उशाशी कोण बसणार? मयताच्या मानाच्या चटया कोणापुढे ठेवायच्या? तुझी मामी गेली, मूलबाळ नाही. भाचीवाचून उठलेलं प्रेत म्हणजे कुठूनतरी वाहत आलेला परका. असो. इतक्यात मरायचा बेत नाही.

नव्या देवळाच्या भिंती होत आल्या. चुन्यासाठी प्रवाळ फोडताना पायाला जरा खरचटलं, म्हणून लंगडतो. शेजारचा तेविता पक्का वेस्लीवाला, पोपला न मानणाऱ्या पंथाचा, तो म्हणतो, पोपचा माणूस एका पायावर नाचतोय. फादरनी निरोप धाडलाय की माउफांग्याला येऊन डॉक्टरला दाखव. मी नाही येणार. आपल्या पंथाचे पहिले पाद्रीबाबा आले तेव्हा गावात कोणी घोटभर पाणी देईना. आजोबांनी त्यांना उलट्या होडीखाली आसरा दिला. तेव्हापासून देवळाची घंटा आमच्याच घराने वाजवली आहे. ती एक दिवस गप्प राहिली तर तेविताला वर्षभराची करमणूक होईल.

लोभ ठेव. तो तरी सोडायला लावणार नाहीत ना?
तुझा,
विसेसिओमामा


॥ येशू मरिया योसेफ ॥
माउफांगा, १२ जुलै १९३४

ती. मामास सा. न. वि. वि.

याला तू खरचटणं म्हणतोस? गलबतवाला सोआने सगळं सांगून गेला. पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, बोटं काळी पडलीत, जवळ बसवत नाही इतका वास येतो आणि तू जमिनीवर बसून घंटेची दोरी ओढतोस. आधी मी खूप रडले. मग खूप चिडले. अजून चिडलेलीच आहे.

तशीच मदरकडे गेले आणि विचारलं, माझा मामावरचा हक्क आज चालू आहे की नाही. त्या म्हणाल्या, शपथ घेईपर्यंत तूच मालकीण.

तर ऐक. होडी नेली, कोंबड्या नेल्या, मामीच्या हातची चटई नेली. आता शेवटचं मागते. तो पाय माझा आहे आणि पायावरचा अख्खा मामाही माझा आहे. सोआनेच्या परतीच्या गलबताने माझी वस्तू मला पाठवून दे. भाचीला नाही म्हणणारा मामा हापाईत अजून जन्मलेला नाही. तू पहिला होऊ नकोस.

लोभाचं तू आल्यावर बघू.
अतेलाइते


॥ येशू मरिया योसेफ ॥
गलबतावरून, २१ जुलै १९३४

चि. अतेलाइते हिस आशीर्वाद.

तू पक्की लुटारू आहेस. सोआनेने तुझं मागणं माझ्याआधी गावालाच सांगितलं, मला पत्र दडवताही आलं नाही. तेविता उठून आला आणि म्हणाला, भाचीने मागितलंय, आता तुझं काही चालायचं नाही. घंटा मी वाजवीन, पण गुडघे टेकणार नाही. मी म्हटलं, एवढी कसली घाई? तर म्हणाला, विसेसिओ, तू मेलास तर मी चिडवू कोणाला? आणि त्यानेच मला पाठुंगळी घेऊन गलबतावर चढवलं.

हे पत्र आणि मी एकदमच पोचणार. पण समोर आल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. मला भीती वाटते, पोरी. डॉक्टर पाय कापतात म्हणे. त्यांनी विचारलं तर मी काही बोलणार नाही. तुझी वस्तू आहे, तूच सांग. ठेवायचा तर ठेव, कापायचा तर कापून टाक, पण त्या वेळी माझा हात धरून बस.

आणि पंधरा ऑगस्टला माझं जे काही आहे त्या सगळ्यावर खुशाल पाणी सोड. माझ्यावर मात्र सोडू नकोस.

तुझाच,
विसेसिओमामा