न उघडलेली सीडी

सातारा,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

ती. ब्राह्मीअक्कास,

जय जिनेंद्र. दाजींना नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. थंडी पडायला लागलीय. तुझी भावजय दीपाली तुझी आठवण काढते.

तू फोनवर सांगितलंस की सांगलीच्या नव्या डॉक्टरांना आप्पांच्या पाठीच्या एमआरआयची जुनी सीडी हवीय. सीडी सापडली. पण घरच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह कधीचा बिघडलाय, दारच उघडत नाही. म्हणून शनिवारी नवा घ्यायला गेलो. दुकानदार पृथ्वीराज म्हणून आहे, भला माणूस.

"आतला देऊ का बाहेरनं जोडायचा?" त्यानं विचारलं. "आतला स्वस्त पडंल, पण तुमचं मशीन जुनं, केबल जुळंल का न्हाई सांगता येत न्हाई. बाहेरचा कुटं बी लावा. सीडी लय हायत काय?"

"एकच."

"मग ड्राइव्ह कशाला घेता? पेन ड्राइव्हवर काढून देतो की."

मी बाहेरचा घेतला. आजकाल दवाखान्यातल्या कॉम्प्युटरलाही ड्राइव्ह नसतो, सोबत नेता येईल म्हणून. त्याला म्हटलं, चालतो का बघा. आणि पाकीट पुढं केलं.

अक्का, पाकिटाला सांगलीच्या सेंटरनं मारलेली पिन तशीच होती. त्यानं ती काढली, वरची तारीख वाचली.

"दोन वर्सं झाली. उगडलंच न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई."

हे मी पहिल्यांदा कुणापाशी तरी खरं बोललो, ते एका परक्या माणसापाशी. स्क्रीनवर आप्पांचं नाव आलं, धरणेंद्र, वय एकोणसत्तर, आणि खाली त्यांचा मणका. मला तिथं उभं राहवेना.

तेव्हा सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लवकर करा. साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखव, म्हणून तू सीडी माझ्याकडे दिलीस. मी ती दाखवलीच नाही. आज जातो, उद्या जातो करत पंधरा दिवस गेले. तुझा फोन आला तेव्हा बोलून गेलो, "दाखवली. ऑपरेशनची घाई नको म्हणाले, नुसता व्यायाम करा." असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या मनानंच सांगितलं.

निव्वळ आळस होता असंही नाही. कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली होती. ऑपरेशन झालं असतं तर मला महिनाभर तुमच्याकडे कवठे महांकाळला राहावं लागलं असतं. ती जागा मला मिळाली. तू पेढे वाटलेस.

आणि आप्पा येईल त्याला सांगत बसले, "आमच्या अतिशयनं माजं ऑपरेशन वाचीवलं." दिवाळीत मी समोर असताना सांगितलं. डावा पाय ओढत देवळापर्यंतही जाता येत नाही त्यांना, आणि माझं कौतुक करत होते. मी चहा पीत बसलो.

आज सकाळी रजा टाकून साताऱ्याच्या त्याच मोठ्या डॉक्टरांकडे रांगेत बसलो. ड्राइव्ह जोडून सीडी दाखवली. ते म्हणाले, "तेव्हा केलं असतं तर पाय बहुतेक सुधारला असता. आता दुखणं कमी होईल, पायाचं सांगता येत नाही." व्यायाम सांगितल्याचा त्यांचा जुना कागदही तू फोनवर मागितलास. तो कागद नव्हताच कधी. आजचा पाठवतोय, तो खरा आहे.

फोन करणार होतो. पण फोनवरच खोटं बोललो होतो, म्हणून लिहितोय.

महिन्याची रजा मांडलीय. शुक्रवारी दुपारच्या एसटीनं येतो. तोवर आप्पांना काही सांगू नकोस, मीच सांगणार. ते काय म्हणतील या विचारानं जेवण जात नाही. तू बोलशील ते ऐकून घेईन.

एकच मागतो. लहानपणापासून माझी चूक झाली की तू आप्पांच्या पुढं उभी राहायचीस. शुक्रवारी राहू नकोस.

तुझा धाकटा,
अतिशय